तुळजाभवानी: स्थळपुराण, मूर्ती आणि उत्सव यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचा कुलाचार तुळजापूरचा. त्यामुळे लग्नसराईत आणि नवरात्राच्या तोंडावर नात्यातल्या, ओळखीतल्या लोकांचे प्रश्न ठरलेले असतात. देवी झोपते म्हणजे काय? पालखीत बसते ती मूर्ती खरी की दुसरी? अफजलखानानं मूर्ती फोडली होती ना, मग आत्ताची कोणती? दरवेळी तेच सांगत बसण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतो आहे. पुराणातली कथा, लोकांमधली समजूत आणि इतिहास या तीन गोष्टी शक्य तिथे वेगळ्या ठेवल्या आहेत.

तुळजापूर कुठे आहे आणि देऊळ कसं आहे?

धाराशिव जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगररांगेत. सोलापूरहून साधारण 45 किलोमीटर. पहिल्यांदा जाणाऱ्याला एका गोष्टीचं हमखास आश्चर्य वाटतं. देवीचं ठाणं म्हणजे डोंगर चढायचा, अशी आपली सवय. वणीला, माहूरला चढावंच लागतं. इथे उलट आहे. गाव वर आणि देऊळ उतारावर, त्यामुळे महाद्वारातून आत शिरलं की पायऱ्या उतरत देवीकडे जायचं. वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ लागतं. तिथे हातपाय धुऊन, गणपतीचं दर्शन घेऊन, निंबाळकर दरवाज्यातून मुख्य आवारात जातात. समोर होमकुंड दिसतं. मूळ बांधणी हेमाडपंती, पण नंतरच्या शतकांत इतकी भर पडली आहे की जुनं कुठे संपतं आणि नवं कुठे सुरू होतं हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

साडेतीन पीठांत तुळजापूरचा क्रम कितवा?

क्रम लावायचं कारण नाही. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठं, वणीची सप्तशृंगी अर्धं. प्रत्येक ठिकाणचे लोक आपलं पीठ आद्य म्हणतात, आणि त्यात कुणाचं काही बिघडत नाही.

स्थळपुराणात नेमकी कथा काय आहे?

स्कंदपुराणाच्या सह्याद्रिखंडात तुळजामाहात्म्य म्हणून जो भाग सांगतात, त्यातली ही कथा. कृतयुगात कर्दम नावाचे ऋषी होते, त्यांची बायको अनुभूती. मूल लहान असतानाच कर्दम गेले. अनुभूती सती जायला निघाली, पण पदरी तान्हं मूल असताना सती जाऊ नये, असं तिला सांगण्यात आलं. मग मूल आश्रमात सोपवून ती मंदाकिनीच्या काठी तपाला बसली. तिथे कुकुर नावाच्या दैत्याची नजर तिच्यावर पडली. त्यानं तपात विघ्न आणलं, तिला हात लावायचा प्रयत्न केला. अनुभूतीनं देवीचा धावा केला आणि देवी तत्काळ प्रकट झाली. त्वरेनं धावून आली म्हणून त्वरिता. दैत्यानं रेड्याचं रूप घेतलं, युद्ध झालं, देवीनं त्याला त्रिशुळानं मारलं. तो दिवस आश्विन शुद्ध दशमीचा. अनुभूतीच्या विनंतीवरून देवी याच डोंगरावर राहिली. या डोंगराला पुराणात यमुनाचल म्हणतात.

ही कथा सांगताना बहुतेक जण रेड्याच्या वधावर थांबतात, कारण महिषासुरमर्दिनी म्हटलं की तेच चित्र डोळ्यांपुढे येतं. पण इथला दैत्य स्वर्ग जिंकायला निघालेला नाही. तो एकट्या राहिलेल्या बाईच्या वाटेला गेलेला आहे. देवांच्या सभेनं विनवणी करावी आणि मग देवीनं शस्त्रं गोळा करून निघावं, असंही इथे घडत नाही. एका विधवेनं हाक मारली आणि देवी आली. आमच्याकडच्या बायका अडचणीत असल्या की देवीला जेवढ्या हक्कानं बोलतात, तेवढ्या हक्कानं दुसऱ्या कुठल्या देवाशी बोलताना मी ऐकलेलं नाही. त्याचं मूळ मला या कथेत दिसतं.

दुसरी कथा रामाची. सीतेच्या शोधात राम या भागात आला असताना देवीनं सीतेचं रूप घेऊन त्याची परीक्षा पाहिली. रामानं ओळखलं आणि म्हणाला, ‘तू का आई?’ त्यावरून तुकाई. मग देवीनं एका शिळेवर उभं राहून त्याला लंकेची दिशा दाखवली. ती घाटशिळा आजही लोक दाखवतात, आणि देवीला रामवरदायिनी हे नाव त्यावरूनच मिळालं.

‘तुळजा’ हे नाव कसं आलं?

परंपरा सांगते त्वरिता, त्याचं तुरजा, त्याचं तुळजा. जुन्या कागदांत आणि गोंधळाच्या पदांत ‘तुरजा’ हे रूप सर्रास भेटतं, त्यामुळे शेवटची पायरी पटते. ‘तू का आई’ची व्युत्पत्ती मात्र कथेतच शोभते.

नावाचा प्रवास लांबचा आहे. तंजावरच्या भोसले घराण्यात तुळजाजी नावाचे राजे झाले, हे कुलदैवताचंच नाव. नेपाळच्या मल्ल राजांची कुलदेवता तळेजू भवानी. काठमांडूच्या राजवाड्याजवळचं तिचं मोठं देऊळ महेंद्र मल्लानं 1564 मध्ये बांधलं, आणि तिथली जिवंत कुमारी ही तिचंच रूप मानतात. तळेजू आणि तुळजा यांचं नातं काही अभ्यासक जोडतात. मिथिलेतल्या कर्णाट घराण्याबरोबर ही देवी डोंगरांत गेली, असं नेपाळची परंपरा सांगते, आणि ते घराणं नावाप्रमाणेच दक्षिणेकडचं.

मूर्तीत काय काय कोरलेलं आहे?

साडी, दागिने, मळवट यांमुळे आपल्याला फक्त मुखच दिसतं. मूळ मूर्ती गंडकी शिळेची, काळी, उंचीला साधारण तीन फूट. आठ हात. त्यांत त्रिशूळ, बाण, चक्र, शंख, धनुष्य, पानपात्र अशी आयुधं, आणि एका हातात दैत्याची शेंडी. उजवा पाय महिषावर, डावा जमिनीवर. जवळ सिंह. मस्तकाच्या दोन बाजूंना चंद्र आणि सूर्य, मुकुटावर शिवलिंग.

दोन आकृत्या बारकाईनं पाहण्यासारख्या आहेत. एक मार्कंडेय ऋषींची, म्हणजे देवीचं माहात्म्य सांगणाऱ्याची. दुसरी तप करणाऱ्या स्त्रीची, तीच अनुभूती. म्हणजे कथेत जिनं हाक मारली ती मूर्तीतही देवीच्या पायाशी आहे. महिषासुरमर्दिनीच्या मूर्ती देशभर शेकड्यांनी आहेत, पण ही बाई इथलीच.

चल मूर्ती, अचल मूर्ती, उत्सवमूर्ती म्हणजे काय?

इथे जरा सावकाश वाचा, कारण पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

भागवताच्या अकराव्या स्कंधात श्रीकृष्ण उद्धवाला पूजा कशी करावी हे सांगतो. मूर्ती आठ प्रकारच्या: दगडाची, लाकडाची, धातूची, लेपाची, रेखाटलेली, वाळूची, रत्नाची आणि मनातली. त्यानंतर तो म्हणतो की प्रतिष्ठा, म्हणजे मूर्तीची स्थापना, दोन तऱ्हेची असते, चल आणि अचल. अचल म्हणजे कायमची बसवलेली. तिथे रोज आवाहन आणि विसर्जन करायचं नसतं, कारण देव तिथून जातच नाही. अशी मूर्ती पीठावर अष्टबंधानं, म्हणजे आठ द्रव्यांच्या लेपानं, पक्की करतात.

पण मग अडचण येते. उत्सवात देवानं गावात फिरावं, आजारी, म्हाताऱ्या, दाराशी उभ्या राहिलेल्या लोकांना भेटावं, असं सगळ्यांना वाटतं. पक्की बसवलेली दगडी मूर्ती हलवायची कशी? त्यावर तोडगा म्हणजे उत्सवमूर्ती. मूळ देवाचीच, पण लहान, बहुतेक धातूची, उचलता येईल अशी. दक्षिणेच्या आगमांनी, म्हणजे देवळातल्या पूजाविधींच्या ग्रंथांनी, याची व्यवस्था फार तपशिलानं लावली आहे. एका देवाच्या पाच मूर्ती: गाभाऱ्यातली ध्रुव, रोजच्या उपचारांची कौतुक, स्नानाची स्नपन, मिरवणुकीची उत्सव आणि बलीची. तिरुपतीला ब्रह्मोत्सवात वाहनांवर बसून फिरतात ते मलयप्पा स्वामी म्हणजे उत्सवमूर्ती. मूळ व्यंकटेश जागचे हलत नाहीत.

आपल्याकडेही तेच दिसतं. सोमवती अमावस्येला जेजुरीच्या गडावरून पालखी निघते आणि कऱ्हेत स्नान होतं ते खंडोबा-म्हाळसेच्या उत्सवमूर्तींना. कोल्हापूरला ललिता पंचमीला अंबाबाई त्र्यंबोलीला भेटायला जाते, तीही उत्सवमूर्तीच. मूळ मूर्ती गाभाऱ्यातच असते. सूर्याची किरणं तिच्या पायांशी येतात तो किरणोत्सव बघा, तिथे सूर्याला आत यावं लागतं.

मग तुळजापूरची उत्सवमूर्ती कोणती?

प्रश्न साधा आहे, उत्तर वेगळं आहे. पालखीत बसते ती मूळ मूर्तीच. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे. सिंहासनावर ठेवलेली आहे, कायमची जखडलेली नाही. तिच्या जागी दुसरी कुणी बाहेर जात नाही. ती स्वतः उठते, पलंगावर झोपते, पालखीत बसते, प्रदक्षिणा घालते आणि पुन्हा सिंहासनावर येते.

असं देशात मोजक्याच मोठ्या देवस्थानांत होतं. पुरीला जगन्नाथ, बलभद्र आणि सुभद्रा यांचे मूळ विग्रह रथात बसतात, पण ते लाकडाचे. चिदंबरमला नटराज वर्षातून दोनदा स्वतः रथातून बाहेर येतो, तो धातूचा. तुळजापूरची मूर्ती दगडाची आहे, आणि तीन फुटी दगडी मूर्ती हातांवर उचलणं हे काही सोपं काम नाही. तुळजापूरचं सगळं पंचांग, नवरात्रापासून कोजागिरीपर्यंत आणि पुढे पौषापर्यंत, या एका गोष्टीवर उभं आहे असं मला वाटतं. बाकीच्या देवस्थानांत उत्सव देवासाठी केला जातो. इथे देवीच्या दिनक्रमालाच उत्सव म्हणतात.

देवी वर्षातून तीनदा झोपते, ते कधी?

हे सर्वांत जास्त विचारलं जातं. तिला मंचकी निद्रा म्हणतात, मंचक म्हणजे पलंग.

पहिली घोरनिद्रा. भाद्रपद वद्य अष्टमीपासून अमावस्येपर्यंत, म्हणजे नवरात्राच्या आधी. युद्धाला उभं राहण्यापूर्वीची ही विश्रांती. घटस्थापनेच्या पहाटेआधी मूर्ती सिंहासनावर येते, अभिषेक होतो आणि मग घट बसतात.

दुसरी श्रमनिद्रा. दसऱ्याला महिषासुराचा वध होतो, सीमोल्लंघन होतं आणि देवी थकून झोपते ती आश्विन पौर्णिमेपर्यंत. कोजागिरीला आपण जागतो आणि देवी उठते.

तिसरी मोहनिद्रा. पौष शुद्ध प्रतिपदेपासून सप्तमीपर्यंत. अष्टमीला शाकंभरी नवरात्र बसतं.

तिन्ही मिळून सुमारे 21 दिवस. तिथीची वृद्धी किंवा क्षय झाला की एखादा दिवस पुढेमागे होतो. या काळात मूर्ती गाभाऱ्यालगतच्या शेजघरात पलंगावर असते. नेहमीचे पंचामृताचे अभिषेक होत नाहीत, त्याऐवजी सुगंधी तेल लावतात. घोरनिद्रेच्या आधी गादी-उशांचा कापूस पिंजून त्या नव्यानं भरल्या जातात. घरात कुणी आजारपणातून उठल्यावर आपण अंथरूण उन्हात टाकतो, नवी गादी भरून घेतो, त्याच मायेचं हे काम आहे.

शास्त्रकार कदाचित म्हणतील की जगन्मातेला झोप कसली. पण घराघरांत बाईला झोप मिळत नाही, आणि तुळजापूरच्या देवीला वर्षातून तीनदा हक्काची मिळते. आमच्या आत्याचं हे म्हणणं शास्त्रात बसत नसेल, मला ते सोडवत नाही.

सीमोल्लंघनाला मूर्ती पालखीत ठेवताना तिला इजा होत नाही का?

त्यासाठीच दिंड बांधतात. दसऱ्याच्या पहाटे मूर्तीला 108 साड्या गुंडाळल्या जातात. त्या जाड वेढ्याला दिंड म्हणतात. मग मूर्ती पालखीत ठेवून मंदिराभोवती प्रदक्षिणा होते. संबळ वाजतो, कुंकवाची उधळण होते, ‘आई राजा उदो उदो’ एवढंच ऐकू येतं. पिंपळाच्या पारावर पालखी टेकते, आरती होते, आणि तिथून देवी पलंगावर जाते.

108 चा आकडा पवित्र आहेच, पण दगडी मूर्तीला धक्का लागू नये ही व्यवहाराची गरजही त्यात आहे. जुन्या विधींमध्ये श्रद्धा आणि सुतारकाम असं शेजारी शेजारी बसलेलं असतं. कुणी विचारलं की हे धार्मिक की व्यावहारिक, तर दोन्ही.

एक सूचना. सीमोल्लंघन उजाडायच्या सुमाराला होतं आणि आवार लहान आहे. लहान मुलं आणि म्हातारी माणसं घेऊन त्या गर्दीत शिरू नका.

पालखी नगरहून आणि पलंग घोडेगावहून का येतो? गावात सुतार नाहीत?

सुतार आहेत, पण मान त्यांचा नाही. पालखी येते बुऱ्हाणनगरहून, ते अहिल्यानगर शहराला लागूनच आहे. पलंग येतो पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यातल्या घोडेगावहून. दोन्ही दरवर्षी नवीन बनतात, आणि दोन्ही गावोगावी मुक्काम करत, पूजा स्वीकारत तुळजापूरला दसऱ्याला पोचतात.

बुऱ्हाणनगरची कथा अशी. जानकोजी नावाच्या तेल्याच्या घरी देवी लहान मुलीच्या रूपानं राहिली. राजाची तिच्यावर वाईट नजर पडली तेव्हा ती नाहीशी झाली. जानकोजी तिला शोधत शोधत तुळजापूरला आला, तिथे ती त्याला भेटली, आणि दरवर्षी तुझ्या पालखीत बसेन असं वचन तिनं दिलं. म्हणून बुऱ्हाणनगरला देवीचं माहेर म्हणतात. पालखीचा मान आजही तिथल्या तेली समाजातल्या घराकडे आहे.

आता स्थळपुराणाची कथा आठवा. तिथेही बाईवर वाईट नजर टाकणारा दैत्य आहे, इथे राजा आहे. संस्कृत माहात्म्य आणि तेल्याच्या घरची गोष्ट वेगवेगळ्या तोंडांतून आल्या, पण गाभा एकच निघाला. सासरी नांदणाऱ्या लेकीला दसऱ्याला माहेरून पालखी यावी आणि निजायला पलंग यावा, हे आपल्याकडच्या कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

छबिना म्हणजे काय? त्यातही मूळ मूर्ती असते का?

नाही. छबिना म्हणजे रात्रीची मिरवणूक, देवळाच्या आवारातली. नवरात्रात रोज आणि पौर्णिमेला असतो. त्यात देवीच्या पादुका वाहनावर ठेवून प्रदक्षिणा होते. वाहनं सिंह, मोर, गरुड अशी बदलतात. पुढे संबळ, हातात पोत म्हणजे पेटती मशाल घेतलेले आराधी आणि गोंधळी. म्हणजे रोजच्या फिरण्याला पादुका आणि वर्षाच्या मोठ्या दिवशी स्वतः देवी. दोन्हींत गल्लत करून ‘मी देवीला पालखीत पाहिलं’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. दसऱ्याला गेला नसाल तर तुम्ही छबिना पाहिलात.

नवरात्रात मूर्तीचं रूप रोज वेगळं दिसतं, ते कसं?

त्या अलंकार महापूजा. घटस्थापनेनंतर काही दिवसांनी सुरू होतात. रथ अलंकार: सूर्यानं देवीला आपला रथ दिला. मुरली अलंकार: कृष्णानं मुरली दिली. शेषशायी अलंकार: विष्णूनं विश्रांतीसाठी आपली शेषशय्या दिली. भवानी तलवार अलंकार: देवी शिवाजी महाराजांना तलवार देते आहे. आणि महिषासुरमर्दिनी अलंकार, म्हणजे ती मुळात जी आहे ती.

यादीकडे जरा बघा. सूर्य, कृष्ण, विष्णू देवीला देतात आणि मग देवी एका माणसाला देते. पुराणांच्या ओळीत सतराव्या शतकातला राजा इतक्या सहज बसवलेला दुसरीकडे क्वचितच दिसेल.

महानवमीला होम आणि अजाबली, म्हणजे बोकडाचा बळी, होतो, आणि दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता सीमोल्लंघन.

अफजलखानानं मूर्ती फोडली होती का?

1659 मध्ये विजापूरहून निघालेला खान वाटेत तुळजापूरला आला, हे जुन्या मराठी बखरी सांगतात. कृष्णाजी अनंत सभासदानं 1690 च्या दशकात जिंजीला लिहिलेल्या बखरीत खानानं भवानी फोडून जात्यात भरडली असं आहे. तुळजापूरची परंपरा सांगते की पुजाऱ्यांनी मूर्ती आधीच हलवून लपवली होती.

दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. माझं मत विचाराल तर बखर घटनेनंतर पस्तीसेक वर्षांनी, दूर तमिळ मुलखात लिहिली गेली, आणि लिहिणाऱ्याचा हेतू खानाचं पाप ठसवण्याचा होता. उलट मूर्ती चल असल्यामुळे ती उचलून नेणं पुजाऱ्यांना जमण्यासारखं होतं, वर्षातून कितीतरी वेळा ते उचलतच होते. स्थानिक परंपरा त्यामुळे निदान अशक्य नाही. पण हे अनुमान झालं, पुरावा नव्हे.

पक्कं आहे ते हे: त्याच वर्षी 10 नोव्हेंबरला प्रतापगडाच्या पायथ्याशी खान मारला गेला, आणि महाराजांनी 1661 मध्ये प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. तुळजापूर तेव्हा आदिलशाहीत होतं, आपल्या कुलदेवतेच्या दर्शनाला मनात येईल तेव्हा जाण्याची सोय नव्हती.

भवानी तलवार देवीनं खरोखर दिली का?

श्रद्धेचा प्रश्न आहे. भवानी तलवार अलंकाराच्या दिवशी गाभाऱ्यासमोर उभे राहा, मग हा प्रश्न कुणाला विचारावासा वाटत नाही.

पूजा कोण करतं? देवस्थान कुणाच्या ताब्यात आहे?

मुख्य पूजेचा मान भोपे पुजाऱ्यांचा, ते मराठा समाजातले. पाळीकर, उपाध्ये, महंत, गोंधळी, आराधी असे बाकीचे मानकरी वेगळे. एवढ्या मोठ्या शक्तिपीठाच्या गाभाऱ्यात ब्राह्मणेतर पुजारी पिढ्यान्‌पिढ्या आहेत, हे बाहेरून आलेल्यांना नवल वाटतं. इथे कुणाला त्यात विशेष वाटत नाही.

तुळजापूर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतं. आज मंदिर संस्थानाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात.

चिंतामणी दगड खरंच फिरतो का?

प्रदक्षिणेच्या वाटेवर एक गोल दगड आहे. दोन्ही हात टेकून मनात प्रश्न धरायचा. उजवीकडे वळला तर होकार, डावीकडे वळला तर नकार, नाही हलला तर थांबा. शिवाजी महाराज मोहिमेआधी इथे कौल घ्यायचे अशी आख्यायिका आहे. मी परीक्षेच्या वर्षी हात ठेवला होता. दगड हलला नाही, निकालही उशिरा लागला.

देवी सारीपाट खेळते असं म्हणतात, ते काय?

भारतीबुवांच्या मठाची गोष्ट. देवी त्यांच्याबरोबर सारीपाट खेळायला जाई, अशी श्रद्धा. झोपणारी, माहेरच्या पालखीत बसणारी देवी खेळतही असली तर बिघडलं काय.

घरच्या देव्हाऱ्यातला टाक ही उत्सवमूर्ती म्हणायची का?

नाव तसं नाही, पण काम जवळजवळ तेच. टाक म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेली देवीची छोटी आकृती, घरातली चल मूर्ती. लग्नानंतर गोंधळाला चौकावर टाक मांडतात आणि गोंधळी गावोगावच्या देवांना नाव घेऊन बोलावतात, तुळजापूरच्या भवानीला गोंधळाला ये म्हणतात. पुष्कळ घरांत नवा टाक केला की तुळजापूरला नेऊन देवीला भेटवून आणतात, जुना झिजला की नवा करतात. कवड्यांची माळ, परडी, जोगवा हे सगळं या टाकाभोवतीच फिरतं. विधी घराघरांत वेगळे असतात. आपल्या घरच्या थोरल्या बाईला विचारा. तिला नाही आठवलं तर तुमच्या घराचे पुजारी त्यांच्या वहीत तुमच्या आजोबा-पणजोबांची नावं काढून दाखवतील, तिथून धागा लागतो.

निद्राकाळात गेलं तर दर्शन होतं का?

होतं. देऊळ बंद नसतं. सिंहासन रिकामं असतं आणि देवी शेजघरात पलंगावर असते, तिचं तिथेच दर्शन घेतात. अभिषेक किंवा सिंहासन पूजेचा नवस असेल तर मात्र या दिवसांत जाऊ नका, तारीख पंचांगात बघून ठरवा. आणि शेजघरासमोर गेलात की उदो उदो जरा हळू म्हणा. तसा काही नियम नाही, पण तिथे उभं राहिलं की आवाज आपोआप खाली येतो.